उणे २५३ अंशांचा थर्मास: जहाजं हायड्रोजनवर चालतील का, आणि वाशिमच्या कास्तकाराला त्याचं काय?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय. ऐकायला साधारण १९ मिनिटं लागतात.)

००:०० | समुद्र नाही, पण जहाज आहे

आजचा भाग जहाजांवर आहे. आता तुम्ही म्हणाल, कारंजा, रिसोड, मानोऱ्यात बसून जहाजांचं काय करायचं? आपल्यापासून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. आपल्याला नाव दिसते ती धरणातली, मासेमारांची.

पण जरा थांबा. बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडला की व्यापारी काय सांगतो? "डीओसीला उठाव नाही." डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली सोयापेंड. ती जहाजाने बाहेर जाते. अर्जेंटिना आणि ब्राझीलचं सोयातेल जहाजाने आत येतं. डीएपी आणि पोटॅशही जहाजानेच येतात. म्हणजे कास्तकाराने आयुष्यात समुद्र पाहिलेला असो वा नसो, त्याच्या हिशेबात जहाजाचं भाडं असतंच.

आणि त्या जहाजाचं इंधन बदलायची खटपट जगभर सुरू आहे. का? कारण जगात जेवढे हरितगृह वायू सोडले जातात, त्यातले सुमारे ३ टक्के एकट्या जहाज वाहतुकीचे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना नावाची संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, लंडनमध्ये. तिने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या आसपास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. त्यासाठी पैसे आकारायची एक चौकटही तयार झाली. पण ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत देशांचं जमलं नाही आणि त्यावरचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. म्हणजे दिशा ठरलीय, पण दंड किती आणि कधीपासून, ते अडकलंय.

डिझेल आणि जाड फर्नेस तेलाच्या जागी काय आणायचं, या प्रश्नाच्या उत्तरांत एक नाव सारखं येतं, द्रवरूप हायड्रोजन. आज ते नीट समजून घेऊ. आणि शेवटी तुमच्या लक्षात येईल की ही गोष्ट फिरून आपल्या खताच्या दुकानात येते.

०२:३० | आधी एक गैरसमज काढू

व्हॉट्सॲपवर तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल. कुणीतरी टाकीत पाणी ओततो आणि गाडी सुरू होते. "पाण्यावर चालणारी गाडी, कंपन्यांनी दाबून ठेवलेला शोध" वगैरे.

असं होत नाही, आणि का होत नाही ते एका वाक्यात सांगता येतं. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे. हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं. चुलीतली राख पुन्हा पेटवून कुणी भाकरी भाजतं का? पाण्यातून हायड्रोजन परत काढता येतो, पण त्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागते, आणि जितकी वीज द्याल त्याहून कमीच हातात परत येते.

म्हणजे हायड्रोजन हा कोळशासारखा किंवा तेलासारखा जमिनीतून खणून आणलेला ऊर्जेचा साठा नाही. तो ऊर्जा वाहून नेणारा डबा आहे. डब्यात काय भरलंय, त्यावर तो चांगला की वाईट हे ठरतं. सौर किंवा पवन विजेने पाणी फोडून काढला तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. नैसर्गिक वायूपासून काढला तर एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या सरकारने हरित म्हणवून घेण्यासाठी मर्यादा ठेवलीय ती एका किलोमागे दोन किलोची.

०४:१० | हायड्रोजन तुमच्या ओळखीचाच आहे

"हायड्रोजन म्हणजे काहीतरी परदेशी, पुढच्या काळातलं," असं वाटत असेल, तर युरियाची थैली आठवा.

४५ किलोची थैली. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २०.७ किलो. हे नत्र अमोनियातून येतं. अमोनियाच्या रेणूत एक अणू नायट्रोजनचा आणि तीन हायड्रोजनचे. नायट्रोजन हवेतून फुकट मिळतो. हायड्रोजन मात्र बनवावा लागतो. गणित करा: एका थैलीसाठी सुमारे २५ किलो अमोनिया, आणि त्यात साधारण साडेचार किलो हायड्रोजन.

साडेचार किलो म्हणजे किती? पुण्याची केपीआयटी कंपनी आणि तिथलीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, यांनी २०२० मध्ये हायड्रोजनवर चालणारी मोटार चाचणीसाठी रस्त्यावर आणली. तिच्या टाकीत १.७५ किलो हायड्रोजन मावायचा आणि त्यात अंदाजे २५० किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. या हिशेबाने एका युरियाच्या थैलीमागचा हायड्रोजन गाडीला सहाशे किलोमीटर नेईल. वाशिमहून निघालात तर मुंबईला पोचाल.

अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे. उज्ज्वला युरिया तिथलाच. तिथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात, त्याचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया. म्हणजे हायड्रोजन बनवणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. नवीन गोष्ट आहे ती त्याला साठवून जहाजात घालणं. खरी अडचण तिथे आहे.

०६:०० | द्रव कशासाठी?

वजनाच्या हिशेबाने हायड्रोजन म्हणजे पैलवान. एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा. डिझेलच्या एका किलोत जवळपास १२. म्हणजे पावणेतीन पट.

पण जागेच्या हिशेबाने तो फुगा आहे. साध्या हवेच्या दाबाला एक किलो हायड्रोजन ठेवायचा तर अकरा-बारा हजार लिटर जागा लागते, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणाऱ्या मोठ्या टँकरएवढी. म्हणून तो दाबतात. ३५० पट दाब दिला तर एका घनमीटरमध्ये २४ किलोच्या आसपास बसतो. ७०० पट दिला तर ४० किलो. आणि दाब देण्याऐवजी गार करून द्रव केला तर ७१ किलो.

मोटारीला, बसला दाबलेला वायू पुरतो. पण जहाजाला टनांनी इंधन लागतं, आणि जाडजूड सिलिंडरांचं वजन जहाजालाच बुडवायला निघतं. म्हणून मोठ्या नावेचा विषय निघाला की द्रवरूपाकडे वळावं लागतं.

द्रव करूनही सगळं सुटत नाही बरं का. एक लिटर डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा आहे तेवढ्यासाठी द्रव हायड्रोजन चार लिटरहून जास्त लागतो. त्यात टाकीच्या भिंतींची जाडी धरा. ती जागा कुठून येणार? मालाच्या जागेतून. जहाजाच्या मालकाला हे सगळ्यात जास्त खुपतं.

०७:४० | गाय भरवायला येणारा कॅन

हायड्रोजन द्रव होतो उणे २५३ अंश सेल्सियसला. निसर्गातला शेवटचा तळ आहे उणे २७३. म्हणजे तळापासून फक्त वीस पायऱ्या वर.

एवढं थंड काही आपण पाहिलेलं नाही, पण त्याचा धाकटा भाऊ पाहिलाय. गावात कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर येतात, त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा एक बुटका कॅन असतो. झाकण काढलं की पांढरी वाफ खाली सांडते. त्यात द्रव नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा, आणि त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवलेल्या असतात. तो कॅन म्हणजे दुहेरी भिंतीचा थर्मास. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली, म्हणजे उष्णतेला आत यायला वाहनच नाही.

हा थर्मास जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवला. चहासाठी नाही. त्याला थंड द्रव सांभाळायचे होते. आणि त्यानेच १८९८ मध्ये लंडनला पहिल्यांदा हायड्रोजन द्रव करून दाखवला. चहाचा थर्मास हे त्याचं नंतर निघालेलं पिल्लू.

आता पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून बघा. त्या कॅनमध्ये नायट्रोजन पुन्हा पुन्हा भरावा लागतो. झाकण बंद असलं तरी तो हळूहळू उडतोच. जगात शंभर टक्के बंद थर्मास नाही. जहाजाच्या टाकीचंही हेच दुखणं आहे, फक्त तिथे आतला माल आणखी ५७ अंशांनी थंड आहे आणि बाहेर आला की पेटणारा आहे.

०९:२० | संशोधक नेमकं कशावर डोकं लावतात?

इथे विद्यापीठांचं काम सुरू होतं. तीन कोडी सांगतो.

पहिलं कोडं, गार करायचं कसं? साधारण वायू दाबून ठेवला आणि बारीक भोकातून सोडला की थंड होतो. फ्रीजही याच जातीच्या युक्तीवर चालतो. हायड्रोजन मात्र उलट्या स्वभावाचा. नेहमीच्या तापमानाला तो असा सोडला तर उलट थोडा गरम होतो. उणे ७३ अंशांच्या आसपास खाली नेल्याशिवाय तो या युक्तीने थंड व्हायला तयारच नाही. म्हणून आधी द्रव नायट्रोजनसारख्या कशाने तरी त्याला गार करावं लागतं आणि मग पुढची पायरी. या सगळ्यात एका किलोमागे दहा ते तेरा युनिट वीज जाते. म्हणजे हायड्रोजनमध्ये जेवढी ऊर्जा आहे, तिच्या एक तृतीयांश नुसती गार करण्यात.

दुसरं कोडं जास्त मजेशीर आहे. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन अणूंची जोडी. दोघांच्या केंद्रकांची फिरकी एकाच दिशेची असेल तर तो ऑर्थो, उलट दिशेची असेल तर पॅरा. घरातल्या तापमानाला चारपैकी तीन रेणू ऑर्थो असतात. उणे २५३ ला जवळजवळ सगळ्यांना पॅरा व्हायचं असतं. पण हे बदलणं सावकाश होतं, आणि बदलताना रेणू उष्णता सोडतो. ती उष्णता किती? द्रव हायड्रोजनची वाफ करायला लागते त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही घाईत गार करून, उत्तम थर्मासमध्ये भरून, झाकण लावून घरी गेलात, तरी तो आतल्या आत स्वतःच उकळतो. बाहेरून कुणी हात लावलेला नाही! उपाय म्हणून गार करतानाच लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून वायू नेतात आणि हा बदल आधीच उरकून घेतात.

तिसरं कोडं टाकीचं. इस्रो द्रव हायड्रोजन वापरतं. चंद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर गेलं, त्याच्या वरच्या टप्प्यात तेच इंधन होतं. पण रॉकेटात तो उड्डाणाच्या आधी भरतात आणि लगेच वापरतात. जहाजाला आठवडे काढायचे असतात, तेही लाटांवर हलत-डुलत. आतली टाकी बाहेरच्या टाकीला कुठेतरी टेकलेली असणारच, आणि तिथूनच उष्णता शिरते. मधे निर्वात जागा, चमकदार पातळ पडद्यांचे कित्येक थर, टेकूला उष्णता कमी वाहणारा पदार्थ, वेल्डिंगमध्ये केसाएवढीही फट नाही. एक नळी जरी उघडी राहिली तर तिच्यावर हवाच द्रव होऊन ठिबकायला लागते, आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे आगीला आमंत्रण.

एक गोष्ट मात्र मोठ्या जहाजांच्या बाजूने आहे. कपातला चहा पाच मिनिटांत निवतो, पण लग्नातलं पातेलं तासभर गरम राहतं. टाकी जितकी मोठी, तितका आतल्या मालाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी, आणि उडून जाण्याचं प्रमाणही कमी.

१२:०० | कोण काय करतंय

आपल्या महाराष्ट्रात या अतिथंड शास्त्राचं, म्हणजे क्रायोजेनिक्सचं, महत्त्वाचं ठिकाण आहे पवईची आयआयटी मुंबई. तिथल्या मेकॅनिकल विभागातले प्राध्यापक मिलिंद अत्रे यांचं काम छोट्या अतिथंड यंत्रांवर, म्हणजे क्रायोकूलरवर आहे. टाकीतून उडणारी वाफ तिथल्या तिथे पुन्हा गार करून परत टाकीत घालायची असेल, तर याच जातीचं यंत्र लागतं. अत्रे सरांचा क्रायोजेनिक इंजिनिअरिंगचा पूर्ण अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट आहे. मघाचं ऑर्थो-पॅराचं प्रकरण त्यात गणितासकट भेटेल.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था आहे. तिला स्वतःच्या संशोधनासाठी हायड्रोजन आणि डिझेल अशा दोन्हींवर चालणारं जहाज हवं आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी ३.५ कोटी डॉलर दिले. त्यांचं गणित असं की किनाऱ्याजवळच्या बहुतेक मोहिमा नुसत्या हायड्रोजनवर होतील, लांब जायचं तेव्हाच डिझेल.

प्रत्यक्ष पाण्यात उतरलेलं उदाहरण नॉर्वेचं. 'हायड्रा' नावाची फेरीबोट, ३०० प्रवासी आणि ८० गाड्या नेणारी. २०२३ पासून ती द्रव हायड्रोजनवर चालते. ८० घनमीटरची टाकी छपरावर आहे, कारण हायड्रोजन गळला तर तो वर निघून जावा. पण गंमत ऐका. सुरुवातीला तिचं इंधन जर्मनीतल्या लॉयना गावाहून यायचं, टँकर ट्रकने, हजाराहून जास्त किलोमीटर रस्त्याने. बोट स्वच्छ, पण तिचं इंधन नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ट्रकमध्ये बसून येणार. नवीन तंत्रज्ञानाची सुरुवात बहुधा अशीच असते.

जपानच्या कावासाकी कंपनीने 'सुइसो फ्रंटियर' नावाचं जहाज बांधलं. १,२५० घनमीटरची टाकी. २०२२ च्या सुरुवातीला त्याने ऑस्ट्रेलियातून द्रव हायड्रोजन भरून कोबे बंदरात आणला. तो बनवला होता तिथल्या तपकिरी कोळशापासून, आणि जहाज स्वतः चाललं डिझेलवर. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या बंदरात असताना, २५ जानेवारी २०२२ ला, वाफ जाळणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यातून ज्वाला बाहेर आली. कुणाला इजा झाली नाही. तिथल्या चौकशी यंत्रणेला पुढे काय सापडलं? एका झडपेचा विजेचा भाग चुकीच्या प्रकारचा बसवला होता. कोट्यवधींचं जहाज, आणि घोळ इलेक्ट्रिशियनच्या पिशवीतल्या वस्तूचा.

आणि आपल्या देशात? कोचीन शिपयार्डने हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणारी पहिली स्वदेशी बोट बांधली. ५० प्रवाशांची, २४ मीटर लांब. २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचं जलावतरण झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती वाराणसीला गंगेत प्रवासी घेऊन धावू लागली. तिच्या फ्युएल सेलच्या कामात मघाचीच पुण्याची केपीआयटी होती. ती द्रवावर नाही, दाबलेल्या वायूवर चालते. आणि छोट्या पल्ल्याच्या बोटीसाठी तेच बरोबर आहे.

१४:४० | विजेचा कोरडा हिशेब

आता एक हिशेब मांडतो, कारण बातम्यांत तो येत नाही.

पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. गार करायला आणखी दहा-बारा. एकूण झाले ६५ च्या आसपास. त्या किलोत ऊर्जा आहे ३३ युनिट. बोटीतला फ्युएल सेल त्यातली साधारण निम्मी परत वीज म्हणून देतो, म्हणजे सोळा-सतरा. थोडक्यात, सौर पॅनेलवरून चार युनिट निघाले तर पंख्यापर्यंत पोचतं एक.

बॅटरीत चारपैकी तीनहून जास्त पोचतात. म्हणून भाऊचा धक्का ते मांडवा एवढ्या अंतराला बॅटरीच बरी. कोचीची वॉटर मेट्रो तशीच चालते. पण बॅटरी जड असते, फार लांब नेत नाही. आणि चीनहून युरोपला जाणाऱ्या महाकाय जहाजाला द्रव हायड्रोजनची टाकी एवढी मोठी लागेल की माल कुठे ठेवायचा हा प्रश्न.

मग द्रव हायड्रोजनची जागा कुठे? मधल्या पट्ट्यात. जी नाव बॅटरीच्या पल्ल्याबाहेर जाते, पण रोज किंवा दर आठवड्याला त्याच बंदरात परत येते. फेरीबोटी, संशोधनाची जहाजं, किनाऱ्याने जाणारी जहाजं. तिथे एकच इंधन भरायचं ठिकाण पुरतं. माझं मत विचाराल तर, सगळी जहाजं द्रव हायड्रोजनवर चालतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही चालतील, आणि त्या काहींसाठी हे काम फार मोलाचं आहे.

१६:१० | मोठी जहाजं आपल्या खताकडे बघतायत

मोठ्या जहाजांना मग काय? एक उत्तर मिथेनॉल, त्यावरची जहाजं समुद्रात आलीही आहेत. आणि दुसरं उत्तर आहे अमोनिया. होय, आपला युरियावाला अमोनिया.

कारण चक्रावणारं आहे. एक लिटर द्रव हायड्रोजनमध्ये हायड्रोजन असतो ७१ ग्रॅम. एक लिटर द्रव अमोनियात हायड्रोजन असतो १२० ग्रॅम! म्हणजे हायड्रोजन नुसता ठेवण्यापेक्षा अमोनियाच्या रूपात जास्त मावतो. आणि अमोनिया उणे ३३ अंशांनाच द्रव होतो, उणे २५३ ची मारामारी नाही. तोटाही मोठा आहे. तो विषारी आहे. गळला तर खलाशांच्या जिवावर बेतू शकतं. तरी इंजिन बनवणारे त्या मागे लागलेत.

इथे आपला संबंध येतो. आज जगात बनणाऱ्या अमोनियापैकी बहुतेक खतात जातो. उद्या जहाजं अमोनिया विकत घ्यायला लागली, तर शिपिंग कंपनी आणि शेतकरी एकाच दुकानात उभे राहतील. आणि खिसा कुणाचा मोठा, हे सांगायला नको.

आकडा बघा. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सेकी या कंपनीने खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले. दर आले किलोला साधारण ५० ते ६५ रुपये. आपण मघा काढलं, एका युरियाच्या थैलीमागे सुमारे २५ किलो अमोनिया. म्हणजे नुसत्या अमोनियाची किंमत साडेबाराशे रुपयांच्या पुढे. दुकानात थैली मिळते २६६ रुपये ५० पैशांना. मधला फरक अनुदानाचा. (हा ताळा फक्त अंदाज यावा म्हणून. हा हरित अमोनिया प्रामुख्याने डीएपी आणि मिश्र खतांसाठी आहे, कारण युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूतूनच मिळतो.)

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या फायद्याची ठरू शकते. जहाजांमुळे हरित अमोनियाचे मोठे कारखाने उभे राहिले, तर तो स्वस्तही होईल. आज आपल्याला लागणारा निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू बाहेरून येतो, म्हणजे परदेशात लढाई झाली की आपल्या खताचं गणित बिघडतं. वीज आपली, पाणी आपलं आणि हवेतला नायट्रोजन आपला, असं खत बनलं तर ते संकट कमी होईल. केंद्राचं हरित हायड्रोजन अभियान जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मंजूर झालं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं धोरण आणलं. त्या पैशात खताचा वाटा किती आणि निर्यातीचा किती, यावर आपल्या लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारायला हवा. पाण्याचाही विचारायला हवा. एका किलो हायड्रोजनला निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि पाणी कुठल्या तालुक्याचं जाणार हे आपल्याइतकं कुणाला कळतं?

१८:०० | पुढची बातमी आली की हे तीन प्रश्न

फोनवर हायड्रोजनची बातमी दिसली की तीन गोष्टी शोधा.

एक, तो कशापासून बनला? पाणी आणि सौर वीज, की वायू, की कोळसा? दोन, कुठल्या रूपात ठेवलाय? दाबलेला, द्रव की अमोनिया? तीन, किती दिवस ठेवायचा आणि किती लांब न्यायचा? ही तीन उत्तरं बातमीत नसतील तर ती बातमी नाही, जाहिरात आहे.

आणि जे आयटीआयला आहेत, डिप्लोमा करतायत, बारावी सायन्सला आहेत, त्यांच्यासाठी एक शब्द. या क्षेत्रात फक्त पीएचडीवाले लागत नाहीत. निर्वात टाकीचं वेल्डिंग करणारा लागतो. हेलियम सोडून सूक्ष्म गळती शोधणारा लागतो. योग्य झडपेला योग्य भाग बसवणारा इलेक्ट्रिशियन लागतो, सुइसो फ्रंटियरची गोष्ट आठवा. जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्यालयही पवईलाच आहे. अत्रे सरांचे पहिले दोन-तीन तास यूट्यूबवर ऐकून बघा. इंग्रजीत आहेत, पण आकृत्या समजतात. एखादी गोष्ट अडली तर आम्हाला लिहून पाठवा, ती मराठीत सोडवू.

पुढच्या भागात बोलू डाळींच्या आयातीवर, कारण तुरीच्या भावाचं जहाजही कुठून निघतं ते बघायचंय. तोवर, भेटूच.